धम्मदीपाचे मंगळवार

इंगोलश्टाट,
७ जानेवारी २०२४

बाबा,
सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर तुमच्या मुलीचं नाही, माझं आहे, हे तुम्ही बघताक्षणी ओळखलं असेल. तरी उघडलंत, हेच पुष्कळ झालं. नऊ वर्षांत तुम्ही माझा एकही फोन घेतला नाही. त्याची तक्रार करायला लिहीत नाही. एक बातमी आहे आणि दीपा ती स्वतःहून तुम्हाला कळवणार नाही.

धम्मदीपा इथल्या कोर्टात न्यायाधीशाच्या शेजारी बसणार आहे.

आता नीट सांगतो, नाहीतर तुम्ही पुसदभर पेढे वाटाल आणि मग मला शिव्या द्याल. ती वकील झालेली नाही. जर्मनीत काही फौजदारी खटल्यांमध्ये झगा घातलेल्या न्यायाधीशाच्या दोन्ही बाजूंना दोन साधी माणसं बसतात. कुणी बेकरीवाला, कुणी नर्स, कुणी तुमच्यासारखे मास्तर. त्यांना श्योफे म्हणतात, बाई असेल तर श्योफिन. कायदा शिकलेला असावा लागत नाही. पण आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवताना त्यांचं मत न्यायाधीशाच्या मताइतकंच धरतात. ते दोघं एका बाजूला आणि न्यायाधीश दुसऱ्या बाजूला असं झालं, तर त्या दोघांचं चालतं. नेमणूक पाच वर्षांची असते. नागरिकत्व मात्र लागतं. दीपाने ते २०२२ मध्ये घेतलं, माझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे.

मानाचं काम आहे, यात वाद नाही. पण घरात बसून बघितलं तर या मानाची कटकटच जास्त. वर्षाला बारा मंगळवार कोर्टाने आधीच ठरवून टाकलेत. त्या दिवशी सुट्टीवर जायचं नाही, गावाला जायचं नाही, सर्दी झाली म्हणून घरी बसायचं नाही. खटला लांबला तर आणखी दिवस. दीपा एका लॅबमध्ये अर्धवेळ काम करते, वजनकाटे आणि मोजमापाची यंत्रं तपासून देते. तिच्या बॉसने विचारलं, "हे टाळता येत नाही का?" तिने त्याला कायद्याचं कलम दाखवलं. तो गप्प झाला, पण खूश काही झाला नाही. आमच्या मुलीचं, मैत्रीचं, शाळेनंतरचं पाळणाघर, इथे त्याला होर्ट म्हणतात, ते चार वाजता बंद होतं. माझ्या कंपनीत नव्या गाडीच्या ब्रेकच्या चाचण्या चालू आहेत आणि आमची मोठी मीटिंग नेमकी मंगळवारी दुपारी असते. म्हणजे बारा मंगळवार मीच पळायचं.

इथली बहुतेक माणसं असा कागद आला की सुटका कशी होईल ते शोधतात. दीपाने शोधली नाही.

सध्या ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे "दूध संपलंय", "मैत्रीला तू आण" एवढं बोलते. कारण फार मोठं नाही. होईल नीट.

आईंचा गुडघा कसा आहे? त्यांना माझा जयभीम सांगा.

सुगत


इंगोलश्टाट,
११ फेब्रुवारी २०२४

बाबा,

उत्तर येणार नाही हे धरूनच लिहायला बसलोय. मंगळवारी दीपाने शपथ घेतली. ती कशी घेतली, ते तुम्हाला कळायला हवं.

मी तिथे नव्हतो. हे मला मैत्रीने सांगितलं आणि मैत्रीला दीपाने. शपथ दोन प्रकारे घेता येते. "देव मला साहाय्य करो" असं म्हणून किंवा देवाचं नाव न घेता. न्यायाधीशबाईंनी विचारलं, तुम्हाला कोणती हवी? दीपाच्या सोबतचे दुसरे श्योफे, ओबरमायर नावाचे छपरं घालणारे निवृत्त मिस्त्री, त्यांनी देवाची घेतली. दीपा उजवा हात वर करून म्हणाली, "मी शपथ घेते." एवढंच. मैत्रीने विचारलं, "आणि देवाला राग आला तर?" दीपा म्हणाली, "शपथ मी घेतली, पाळायची मलाच आहे." आठ वर्षांची पोर दिवसभर घरात उजवा हात वर करून फिरत होती.

आता मागच्या पत्रात मी जे "कारण फार मोठं नाही" म्हणालो होतो, ते लिहितो. ते मोठं आहे.

नोव्हेंबरात कोर्टाचा कागद आला तेव्हा माझी समजूत झाली की चिठ्ठीत नाव निघालंय. नगरपालिकेला पुरेशी माणसं मिळाली नाहीत की यादीतून कुणाचंही नाव काढतात, असं ऑफिसात ऐकलं होतं. मी तिच्या वतीने सूट मागणारा अर्ज टाइप केला. लहान मूल, नवऱ्याची कामाची वेळ, जर्मन भाषेची अडचण. हो बाबा, तेही लिहिलं. दीपाचं जर्मन माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. होर्टचे फॉर्म, विम्याचे कागद असे चार-पाच कागद होते, त्यांत तो अर्ज सरकवला आणि म्हणालो, "दीपा, इथे इथे सह्या कर." तिने एकही कागद न वाचता सह्या केल्या. कागद मी दिले होते म्हणून.

डिसेंबरात कोर्टाचं उत्तर आलं. तिच्या नावाने होतं, ते तिनेच उघडलं. त्यात लिहिलं होतं की आपण मार्च महिन्यात या पदासाठी स्वतः अर्ज केला होता, त्यामुळे आता कळवलेल्या अडचणींचा उलगडा होत नाही, कृपया खुलासा करावा.

स्वतः अर्ज केला होता! चिठ्ठी वगैरे काही नव्हतं. ती मार्चमध्ये टाउनहॉलला जाऊन फॉर्म भरून आली होती आणि मला बोलली नव्हती.

मी घरी आलो तेव्हा कोर्टाचं पत्र टेबलावर होतं आणि ती खुर्चीवर कोट घालून बसली होती. घरात, कोट घालून.

"हे तू लिहिलंस?"

मी म्हणालो, "तुलाच त्रास होईल म्हणून."

"मला, की तुला?"

मलाही राग आला. म्हणालो, "तू तरी मला कुठे सांगितलंस, अर्ज केलाय म्हणून?"

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस ते या कागदावर आहे."

दुसऱ्या दिवशी ती कोर्टाच्या कचेरीत गेली. तिथल्या बाईला म्हणाली, "या अर्जावर सही माझी आहे, पण मी तो वाचला नव्हता. मला यायला कसलीही अडचण नाही. आणि यापुढे वाचल्याशिवाय मी कशावरही सही करणार नाही, हे लिहून हवं असेल तर देते." ती बाई हसली म्हणे आणि म्हणाली, नाही, एवढं पुरे.

हे मला ओबरमायर यांच्याकडून कळलं. शपथेच्या दिवशी दीपाला घ्यायला गेलो, तर जिन्यात त्यांनी माझा हात घट्ट दाबला आणि म्हणाले, "तुमच्या बायकोची गोष्ट अख्ख्या कचेरीला माहीत आहे." गोष्टीतला नवरा मीच, हे त्यांना माहीत होतं का कुणास ठाऊक.

सुगत


इंगोलश्टाट,
१७ एप्रिल २०२४

बाबा,

काल मी तुमच्या मुलीला कोर्टात बघितलं.

मधल्या काळात बरंच झालं, ते थोडक्यात सांगतो. मार्चमधला एक मंगळवार आदल्या संध्याकाळी रद्द झाला, तोवर तिने रजा टाकली होती आणि मी माझी मीटिंग हलवली होती. दुसऱ्या मंगळवारी मैत्रीला ताप आला. दीपाने सकाळी सात वाजता तिच्या कपाळाला हात लावला, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "तू जा." माझ्या बॉसला फोन केला, तर तो कुरकुरला. पण मी राहिलो घरी. मैत्रीला मुगाची खिचडी करून घातली, ती खाली लागली. मैत्री म्हणाली, "शमेक्ट गूट, पपा," म्हणजे चांगली झालीय. पोर तिच्या आईसारखीच आहे, समोरच्याला सांभाळून घेते.

दीपा आता बोलते माझ्याशी. पूर्वीइतकं नाही, पण बोलते.

कालचा खटला बघायला येऊ का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "कोर्ट सगळ्यांना उघडं असतं. मला विचारायचं काम नाही." म्हणून गेलो आणि मागच्या बाकावर बसलो.

मध्ये झगा घातलेल्या न्यायाधीशबाई, फ्राऊ लिंडनर. उजवीकडे ओबरमायर. डावीकडे दीपा, त्या निळ्या जॅकेटमध्ये, जे ती मैत्रीच्या शाळेत पालकसभेला घालते. सगळे उठून उभे राहिले, ती तिघं आत आली आणि बाबा, मीही उभा होतो. माझी बायको बसली, मग मी बसलो.

आरोपी तेस्फाय नावाचा, इरिट्रियाचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा. मान खाली. एका गोदामात माल चढवण्याचं काम करायचा. गेल्या वर्षी तिथला शिफ्टचा मुख्य माणूस माल चढवायच्या उंच कट्ट्यावरून खाली पडला, डोकं फुटलं, अजून नीट बरा नाही. त्याला स्वतःला काही आठवत नाही. दोघांचं त्याच सकाळी भांडण झालं होतं. आरोप असा की तेस्फायने रागाने ढकललं. आणि मुख्य पुरावा काय, तर तेस्फायने तिथल्या तिथे पोलिसापाशी कबूल केलं होतं.

तो पोलीस साक्षीला आला. तरुण होता, नीटनेटका. त्याने वहीतून वाचून दाखवलं. तू ढकललंस का? 'या', म्हणजे हो. मुद्दाम? 'या'. राग आला होता? 'या, या'. सरकारी वकिलाने मान हलवली. न्यायाधीशबाईंनी दोन प्रश्न विचारले, बचावाच्या वकिलाने दुभाषा का बोलावला नाही यावरून थोडा वाद घातला. मग फ्राऊ लिंडनर यांनी डावीउजवीकडे बघून विचारलं, श्योफेंना काही विचारायचंय का? ओबरमायर यांनी मान हलवून नाही म्हटलं.

दीपा म्हणाली, "मला विचारायचंय."

तिचा आवाज तुम्हाला माहीत आहे, हळू बोलते. पण तिथे एवढी शांतता होती की मागच्या बाकावर स्पष्ट ऐकू आलं.

"त्या वेळी तुम्ही त्यांना असा एखादा प्रश्न विचारला होता का, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही?"

पोलिसाने वही चाळली. "नाव विचारलं होतं."

"त्यांनी काय सांगितलं?"

"नाव ओळखपत्रावरून घेतलं. तो म्हणाला... 'या'."

"'या' सोडून दुसरा एखादा जर्मन शब्द त्यांच्या तोंडून ऐकल्याचं तुम्हाला आठवतं?"

पोलिसाने वही मिटली. खोटं बोलणारा माणूस नव्हता, आठवत होता. मग म्हणाला, "मी त्याला पाणी हवंय का विचारलं. 'या' म्हणाला. मी आणून दिलं. तो ग्लासकडे बघत राहिला, घेतला नाही. मला वाटलं, घाबरलाय." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखा, "मी काय विचारलं ते त्याला समजलंच नसेल."

"धन्यवाद," दीपा म्हणाली, आणि काहीतरी लिहून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. दुभाषा आरोपीच्या कानाशी हळूच सांगत होता. तेस्फायने पहिल्यांदा मान वर केली आणि ती कुठून बोलली ते शोधलं.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हाताची घडी घालून बसलो.

तारीख पुढच्या मंगळवारची पडली. संध्याकाळी भाजी चिरताना मी तिला विचारलं, "तुला कसं सुचलं ते?"

"खटल्यावर बोलणार नाही."

"बरं."

थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, "माझ्याबद्दल सांगते. कायझर्सलाउटर्नला शिकायला आले तेव्हा पहिलं वर्षभर मी सगळ्यांना 'या' म्हणायचे. घरमालकीण म्हणाली, तळघरात ती घाण तू केलीस का? मी म्हणाले, 'या'. मग दोन शनिवार मी ते तळघर धुतलं. कुणाची घाण होती, मला अजून माहीत नाही."

अकरा वर्षं झाली आमच्या लग्नाला. हे मी पहिल्यांदा ऐकलं.

सुगत


इंगोलश्टाट,
२४ एप्रिल २०२४

बाबा,

तेस्फाय सुटला.

दुसऱ्या तारखेला गोदामातला एक कामगार साक्षीला होता. त्याने सांगितलं की त्याला दोघांची पाठच दिसत होती. हात पुढे गेला हे खरं, पण ढकलायला गेला की धरायला, ते तो सांगू शकत नाही. दुपारी निकाल लागला. फ्राऊ लिंडनर यांनी कारणं वाचली, त्यात त्या म्हणाल्या की ज्याला प्रश्न कळला नाही, त्याचा होकार हा कबुलीजबाब नव्हे.

आत खोलीत त्या तिघांत काय बोलणं झालं, कुणी कोणतं मत दिलं, ते दीपा मला सांगत नाही. कधीच सांगणार नाही, तो नियमच आहे. मी एकदाच विचारलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा विचारलं नाही.

पण तुम्हाला वाटेल की ती खूश होऊन घरी आली, तर तसं नाही. त्या जखमी माणसाची बायको दोन्ही दिवस पहिल्या बाकावर बसली होती. निकाल ऐकून ती रडली. ओरडली नाही, पर्समध्ये रुमाल शोधत रडत राहिली. दीपा रात्री जेवली नाही. म्हणाली, "तिच्या नवऱ्याचं डोकं तर फुटलंच ना. तिला आता कुणी काय सांगायचं?" मी म्हणालो, "तू बरोबर केलंस." ती म्हणाली, "मी काय केलं ते तुला माहीत नाही." आणि ते खरं आहे. मला एवढंच माहीत आहे की एवढं ओझं घेऊन ती आज सकाळी उठली, मैत्रीचा डबा केला, लॅबला गेली, आणि पुढच्या मंगळवारची तारीख तिने कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहिली. मी तिच्या जागी असतो तर आजच सुटकेचा अर्ज केला असता.

बाबा, आता जे लिहायचं ते नऊ वर्षांपूर्वीच लिहायला हवं होतं.

दीपाने पीएच.डी. सोडली तेव्हा तुम्ही फोनवर म्हणाला होता, "मी पोरगी शिकायला पाठवली होती, सुगतराव, तुमचं घर सांभाळायला नाही." तेव्हा दीपाने माझ्या हातातून फोन घेतला आणि तुम्हाला सांगितलं, "निर्णय माझा आहे, मलाच कंटाळा आला होता." तुम्ही तिला म्हणालात, मग यापुढे मला बाबा म्हणू नकोस. आणि ती हट्टी, तिने म्हटलं नाही.

निर्णय तिचा नव्हता. तिची तीन वर्षं झाली होती, धातूला थकवा कसा येतो यावरचं तिचं काम जवळजवळ पूर्ण होत आलं होतं. मला इथे नोकरी मिळाली. मैत्री पोटात होती. मी एका संध्याकाळी विचारलं, "आपण इंगोलश्टाटला जाऊ. तुझं पुढे बघू. चालेल ना?" ती म्हणाली, "हो." नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी विचारलं होतं, तिने हो म्हटलं होतं.

परवा रात्री मी तिला तेच म्हणालो. "मी तुला विचारलं तर होतं."

ती कपडे घड्या करत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू 'चालेल ना' असं विचारलं होतंस. 'तुला काय करायचंय' असं नाही."

मग तिने मैत्रीचे मोजे जुळवले. मी तिथेच उभा राहिलो. मग विचारलं, "तुला काय करायचंय?"

"आत्ता लगेच काय सांगू," ती म्हणाली. "विचार करू दे."

तुम्ही माझ्यावर जो राग धरलात तो बरोबर होता. तिच्यावर धरलात तो नव्हता. माझ्यासाठी ती तुमच्याशी खोटं बोलली आणि त्यात तिने तुम्हाला गमावलं. हे मी तिला न विचारता लिहितोय. ती माझ्यावर पुन्हा रागावेल, पण हा राग मला चालेल.

सुगत


इंगोलश्टाट,
९ जून २०२४

बाबा,

तुमचं पत्र आलं. पाकिटावर तिचं माहेरचं नाव होतं, धम्मदीपा सुखदेव गजभिये, तुमच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात. पोस्टमनने आमच्या आडनावाच्या पेटीत टाकावं की नाही म्हणून बेल वाजवली. दार मी उघडलं. मी ते पत्र तिच्या हातात दिलं आणि मग सांगितलं की जानेवारीपासून मी तुम्हाला लिहितोय.

तिने विचारलं, "किती?"

"चार."

"सगळं लिहिलंस?"

"अर्जाचंही. कायझर्सलाउटर्नचंही."

तिने पाकीट फोडलं. खिडकीपाशी उभी राहून पत्र वाचलं, दोनदा. मग घडी घालून कपाटात, तिच्या सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये ठेवलं. त्यात काय होतं ते मी विचारलं नाही.

आज रविवार. सकाळी ती म्हणाली, "मैत्रीला घेऊन नदीवर जा. दोन तास तरी येऊ नका." आम्ही डॅन्यूबच्या काठी गेलो. मैत्रीने बदकं बघितली, आइस्क्रीम खाल्लं, सायकलवरून दोनदा पडली. मी सारखं घड्याळ बघत होतो. शेवटी मैत्रीच म्हणाली, "पपा, घरी चल ना."

दोन तास वीस मिनिटांनी आम्ही जिना चढलो, तर खालच्या मजल्यापर्यंत दीपाचा आवाज येत होता. पुण्याची मराठी नाही, पुसदची. "काहून नाही, बाबा? तुम्ही माझं ऐकून तर घ्या! मी कोर्टात बसते, तुम्ही नाही!" मग तुमचं काहीतरी, मग पुन्हा तिचं. कपाटाच्या फळीवरचं तिचं जुनं रिसर्चचं बाड खाली काढलेलं होतं, टेबलभर कागद पसरले होते, आणि फोन कानाला लावून ती त्यात काहीतरी शोधत होती.

मैत्री दारात थांबली. माझ्याकडे बघून जर्मनमध्ये हळूच म्हणाली, "आई भांडतेय?"

मी म्हणालो, "नाही गं. आई तिच्या बाबांशी बोलतेय."

आणि आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसून राहिलो, तुमचं होईपर्यंत.

सुगत